दोन पदरांमधली ऊब

मुंबईच्या उपनगरांत जागेचा हिशेब चौरस फुटांत करतात आणि झोपेचा कोणी करीतच नाही. सकाळी ज्या खोलीत पाहुण्यांना चहा द्यायचा, दुपारी जिच्यात धान्य निवडायचे, संध्याकाळी जिच्यात मुलांनी अभ्यासाला बसायचे, तीच खोली रात्री दहानंतर शयनगृह होते. टीपॉय भिंतीला टेकतो, खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसतात, गाद्या पसरतात. आणि मध्यरात्री ज्याला पाण्याची तहान लागेल त्याने झोपलेल्यांच्या हातापायांमधून तारेवरच्या कसरतीने वाट काढायची. अशा ठिकाणी जमिनीचा एक इंचही न अडवता अधांतरी झोपण्याची सोय कोणी काढली असती, तर तिचे पहिले स्वागत उपनगरांनीच करायला हवे होते.

प्रत्यक्षात ती सोय आमच्या मुलुंडच्या घरात आली ती हौस म्हणून. आमची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या मित्रमंडळाला डोंगर चढण्याचे वेड आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिने नारळाएवढी एक पिशवी घरी आणली. पिशवीचे तोंड सैल करून ओढले, तो आतून तीन मीटर लांबीचे, पॅराशूटसारखे तलम नायलॉनचे कापड बाहेर आले. ते संपता संपेना.

"हे काय आहे?" सौभाग्यवतींनी विचारले.

"हॅमॉक. डबल लेअर."

"म्हणजे दुपदरी झोळी," कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेली माझी आई म्हणाली, आणि तिने पुन्हा शेंगांकडे लक्ष दिले.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला असा एखादा शब्द पुरतो. टांगून घेण्याच्या वस्तूंना आपल्या भाषेत काही कमी नावे नाहीत. झोपाळा, झुला, हिंदोळा, हिंचका, बंगई, पाळणा, डोली. प्रत्येकाचा थाट निराळा. झोपाळ्याला फळी लागते, पितळी कड्या लागतात, आणि त्यावर बसणाऱ्याला थोडीफार मालमत्ता लागते. घाटकोपरच्या आणि आमच्या मुलुंडच्या जुन्या गुजराती, कच्छी घरांत दिवाणखान्याच्या मध्यभागी जो हिंचका असतो, त्यावर बसूनच घरातली वडील मंडळी व्याही ठरवतात. पाळण्याला रंगीत खुंट्या आणि वर चिमण्या लागतात. झोळीला मात्र काहीच लागत नाही. एक कापड आणि दोन आधार. बैराग्याला तेवढ्यात जेवण मिळते, तान्ह्या मुलाला तेवढ्यात झोप.

इंग्रजांकडे आलेला 'हॅमॉक' हा शब्दही असाच परका पाहुणा आहे. वेस्ट इंडीजमधल्या तायनो लोकांच्या 'हमाका'वरून तो स्पॅनिशात गेला. कोलंबस १४९२ साली तिकडच्या बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसे कापसाच्या सुताच्या जाळ्यांत, जमिनीपासून उंच झोपताना त्याच्या लोकांना दिसली. ओल, विंचू, साप सगळे खाली, माणूस वर. ही युक्ती दर्यावर्दींनी उचलली नसती तरच नवल. लाकडी जहाज हेलकावले तरी झोळी आपली स्थिर राहते आणि माणूस गडगडून पडत नाही. पुढे ब्रिटिश आरमारात प्रत्येक खलाशाच्या वाट्याला तुळईवर चौदा इंच रुंदी येई. आपल्या चाळींतील दहा बाय दहाच्या खोल्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्या कॅनव्हासच्या झोळीत खलाशी एक पातळशी गादीही घालीत. ही गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली. ती किरकोळ नाही हे पुढे येईलच.

झोळीचा पहिला प्रयोग आमच्या सोसायटीच्या आवारात झाला. आंबा आणि जांभूळ अशी दोन जुनी झाडे तिथे चार-पाच मीटरच्या अंतराने उभी आहेत. सेक्रेटरी प्रथम साशंक होते. झाडाला खिळा मारणार नाही, दोर काचणार नाही, असे आश्वासन दिल्यावर त्यांनी परवानगी दिली आणि स्वतःच खुर्ची टाकून बघायला बसले. झोळीबरोबर बोटभर रुंदीचे पट्टे आले होते. पट्टा रुंद का, याचे कारण झाडाच्या सालीत आहे. झाडाचे जिते अंग सालीच्या लगतच असते. बारीक दोर माणसाच्या वजनाने तिथे करकचला की झाडाला इजा होते. रुंद पट्ट्याने तोच भार वाटला जातो.

मग कन्येने आम्हांला गणित शिकवले. नवख्या माणसाला वाटते की झोळी खाटेसारखी ताठ ओढून बांधावी. वास्तविक ती सैल, हसऱ्या ओठांसारखी खाली झुकलेली हवी. पट्टा आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करील असा बांधला, तर सत्तर किलोच्या माणसाचा प्रत्येक झाडावर सत्तर किलोएवढा ताण पडतो. तोच पट्टा ताठ करून कोन दहा अंशांवर आणला, की दोन्ही झाडांवर प्रत्येकी दोनशे किलोंचा ताण येतो. माणूस तोच, झाडे तीच. ताठरपणा तेवढा वाढला. सेक्रेटरी यावर बराच वेळ विचार करीत राहिले. सोसायटीच्या सभा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या असाव्यात.

दुसरा धडा झोपण्याचा. झोळीत सरळ लांबीच्या रेषेत झोपले तर माणसाचे केळे होते. थोडे तिरके, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे झोपले की कापड अंगाखाली पसरते आणि पाठ जवळजवळ सपाट राहते. मी तिरका झालो. आंब्याच्या पानांमधून दिसणारे आकाश किंचित इकडून तिकडे हलले आणि स्थिरावले. चाळिशी उलटलेल्या माणसाची कंबर एकाएकी तक्रार बंद करते तेव्हा जी शांतता होते, ती ज्याची त्यालाच कळते.

आता त्या दुसऱ्या पदराकडे वळू.

मुंबईची थंडी हा पुणेकरांच्या विनोदाचा विषय आहे. पण उपनगरांच्या बाबतीत तो विनोद जरा बेताने करावा. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता, आणि तो नीचांक अजून कायम आहे. एरवीही जानेवारीतल्या काही पहाटे, विशेषतः मुलुंड-बोरिवलीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांत, चादर पुरत नाही. अशाच एका शनिवारी कन्येने रात्रभर झाडाखाली झोपून पाहायचे ठरवले. मित्रांबरोबर भंडारदऱ्याला जायचे होते. त्याची ही रंगीत तालीम. अंगावर जाड दुलई घेऊन ती झोळीत शिरली. पहाटे तीनला दार वाजले. पोरगी कुडकुडत उभी होती.

"वरून घाम येतोय आणि खालून गारठले," ती म्हणाली.

कोड्यासारखे वाटणारे हे वाक्य शास्त्राला धरून आहे. आपल्याला ऊब कापूस देत नाही, लोकरही देत नाही. त्यांच्या तंतूंत अडकून पडलेली हवा देते. दुलई अंगावर असते तेव्हा ती फुगलेली असते, तिच्यात हवा असते. अंगाखाली गेली की आपल्याच वजनाने चेपते, हवा निघून जाते आणि उरते नुसते कापड. जमिनीवर झोपले तर जमीन ऊब शोषून घेते. झोळीत झोपले तर खालून वाहणारा वारा ती पळवतो. म्हणून झोळीत पाठीखाली काहीतरी न चेपणारे घालावे लागते. डोंगरवाले त्यासाठी फोमची पट्टी किंवा हवा भरायची गादी वापरतात. ऊब राखण्याची तिची शक्ती 'आर' या आकड्याने सांगतात. पूर्वी हे आकडे कारखानदार आपापल्या पद्धतीने काढीत. २०१८ साली अमेरिकेत त्याच्या मोजणीची एक प्रमाण रीत ठरली, तेव्हा कुठे एका पट्टीची दुसरीशी तुलना करता येऊ लागली.

दुसऱ्या रात्री कन्येने फोमची पट्टी झोळीत अंथरली. तासाभरात ती बगलेतून सरकून पायांशी गेली. पुन्हा ओढली, पुन्हा सरकली. सकाळी हा वृत्तान्त ऐकून आई म्हणाली,

"अगं, झोळी दुपदरी का बांधतात? शोभेला? एकेरी झोळीत दुपटं टाकलं तर पोराच्या एका लाथेसरशी खाली येतं. ते दोन पदरांच्या मध्ये घालायचं. मग जाईल कुठे?"

कन्येने झोळीबरोबर आलेले माहितीपत्रक उघडले. त्यात चित्र होते: झोळीच्या एका कडेला दोन थरांच्या मध्ये फट ठेवलेली, आणि तिच्यातून पट्टी आत सारणारा एक दाढीवाला गोरा गृहस्थ. पट्टी दोन थरांत अडकते, सरकत नाही. शिवाय पाठीला ती चिकट लागत नाही आणि खालून चावणाऱ्या डासाला दोन कापडे नि एक फोम ओलांडावा लागतो. आईला चित्र दाखवले. तिने चष्मा लावून ते नीट पाहिले आणि विचारले, "ह्याच्या आईनं लुगड्याची झोळी बांधली होती का?"

आईची आठवण अगदी तपशीलवार आहे. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले नऊवारी घ्यायचे. नवे कधीच नाही, ते टोचते. त्याची दुहेरी घडी करायची, टोके आढ्याच्या कडीला बांधायची आणि पोराला गुदमरायला होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना ताणून धरणारी एक आडवी काठी घालायची. मध्ये दुपटे. मी, माझा धाकटा भाऊ, दोन्ही आत्यांची मुले त्याच कडीखाली वाढलो. ती कडी या इमारतीत अजून आहे. इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. नव्या घराच्या नकाशात छताखाली आणखी एक खोटे छत आहे, आणि त्याला कडी पेलत नाही असे सांगण्यात आले. शेजारच्या कच्छी काकांनी हिंचक्याचे काय करायचे ते अजून ठरवलेले नाही. ते रोज त्यावर बसून त्याचा विचार करतात.

आमच्या मुलुंडच्या पाठीशी डोंगर आहे, आणि डोंगरापलीकडे बोरिवली. सरळ रेषेत अंतर फार तर दहा-बारा किलोमीटर. पण मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्यात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत आणि बिबटे आहेत. तिथे झोळी टांगून रात्र काढण्याची कल्पना कन्येच्या मित्रांपैकी एकाने मांडली होती. ती मनाईची गोष्ट आहे, आणि मनाई योग्यच आहे. रात्री ते घर बिबट्याचे असते. दिवसा मात्र आपण जावे. फेब्रुवारीत मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन कान्हेरीला गेलो.

कान्हेरीची लेणी शंभरावर आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत ती खोदली जात होती. चैत्यगृहाचे खांब आणि उंच बुद्धमूर्ती सगळेच पाहतात. मी मुलांना वर, लहान विहारांकडे नेले. तिथे भिक्षूंच्या निवासात दगडातच कोरलेले ओटे आहेत. तोच पलंग, तीच गादी. एक मुलगा त्यावर आडवा झाला आणि लगेच उठला. "सर, हा दगड पाठ ओढून घेतो," असे तो म्हणाला. याहून नेमके वर्णन मला करता आले नसते.

मग ते लोक झोपत कसे? उत्तर कापडात आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत गुहा आणि पाण्याच्या पोढ्यांबरोबर भिक्षूंच्या चीवरांसाठी दिलेल्या कायम ठेवींचाही उल्लेख येतो. त्या ठेवींना अक्षयनीवी म्हणत. भिक्षूची वस्त्रे तीन, आणि त्यांतली बाहेरची संघाटी दुपदरी. ती दुपदरी का, याची एक कथा विनयपिटकातल्या महावग्गात आहे. ऐन हिवाळ्यात वैशालीजवळ भगवान बुद्ध रात्रभर उघड्यावर बसले. पहिल्या प्रहरी एक वस्त्र पुरले. तो प्रहर सरता सरता थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे घेतले. मधला सरल्यावर तिसरे, आणि पहाटे चौथे. थंडीने कष्टी होणारी चांगल्या घरची मुलेही संघात येतात, त्यांना एवढ्यात रात्र काढता येईल, असा विचार करून त्यांनी दोन एकेरी वस्त्रे आणि एक दुहेरी संघाटी यांची अनुज्ञा दिली. एकूण चार पदर. नियम करणाऱ्याने आधी रात्रभर स्वतः थंडीत बसून पाहावे, ही त्या कथेतली गोष्ट मला फार मोलाची वाटते. विद्यार्थ्यांना ती सांगितली तेव्हा त्या ओट्यावरून उठलेल्या मुलाने आपल्या पाठीवर हात फिरवला.

माझे महाविद्यालय अंधेरीला आहे. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो, असा रोजचा रस्ता. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिने आम्हा प्रवाशांना जमिनीपासून उचलून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोर आणून ठेवले. त्या उंचीवरून उपनगरे जितकी बांधली गेली आहेत त्याहून अधिक ती अजून बांधली जात आहेत, असे दिसते. हिरव्या जाळ्या, पिवळ्या क्रेन, काँक्रीटचे नागवे खांब. गेल्या जानेवारीपासून मला त्या खांबांत आणखी एक गोष्ट दिसू लागली. खांबांतून बाहेर आलेल्या सळईला बांधलेली साडी, तिचा लोंबता खोळंबा आणि त्यातून कधी बाहेर आलेला एक इवलासा पाय.

बांधकामावरच्या मुलांची काळजी कोणी घेतलीच नाही असे नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली आणि १९७२ पासून ते काम मुंबईतही उभे राहिले. पुढे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया जिथे कामाला आहेत तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले. पन्नासाहून अधिक! आमच्या शेजारची इमारत पाडून नवी बांधायला घेतली आहे. तिथे स्त्रिया सात आहेत. कायदा मोठ्या फाटकातून आत जातो. उपनगरातले बरेचसे पुनर्विकासाचे काम लहान फाटकातून चालते.

त्या सातांपैकी एक मराठवाड्यातली आहे. तिचे मूल सात-आठ महिन्यांचे. तळमजल्यावर जिथे पुढे मोटारी उभ्या राहणार, तिथल्या दोन खांबांमध्ये तिने झोळी बांधली आहे. आमच्या गॅलरीतून ती दिसते. आईने पहिल्याच दिवशी गॅलरीतून पाहून निर्वाळा दिला: दुपदरी आहे, आडवी काठी आहे, बाईला कळते. त्या दिवसापासून आईची खुर्ची गॅलरीत आली.

या अश्विनात पाऊस थांबला आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले, तेव्हा कन्येला माळ्यावरच्या एका तुकड्याची आठवण झाली. झोळीसाठी फोमची पट्टी पूर्ण लांबीची लागत नाही. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत पुरते. म्हणून तिने आपली पट्टी जानेवारीत कापली होती आणि दोन फुटांचा निळा तुकडा उरला होता. "बाळाच्या झोळीत दोन पदरांच्या मध्ये अगदी बसेल," ती म्हणाली. तिला मापाची खात्री होती. आम्ही दोघे खाली गेलो.

बाईने तुकडा हातात घेतला, दाबून पाहिला, गालाला लावून पाहिला. कन्येने तिला दोन पदरांचे शास्त्र समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"लेकराचं काय न्हाई ताई," ती म्हणाली. "ते वर हाय. त्याला लुगडं हाय, दुपटं हाय, समदं मऊ हाय. खाली मी झोपते. ह्या कोब्याचा गारठा रातभर कमरंत शिरतोय. सकाळच्याला घमेलं उचलवत न्हाई. ह्ये मला ऱ्हाऊ द्या."

कन्या काही बोलली नाही. तिने तुकडा कोब्यावर ठेवला आणि तो कुठे यायला हवा ते आपल्या हाताने दाखवले: खांद्यांना पोते पुरेल, पण हा मात्र कमरेखालीच. बाईने मान डोलावली. वर झोळीत मूल जागे झाले होते. तिने चालता चालता पायाच्या अंगठ्याने दोरीला एक झोका दिला आणि कामावर गेली.

घरी येऊन आम्ही हे सांगितले तेव्हा आईने शिवणाचा डबा काढायला लावला. तिचे जुने, मऊ झालेले एक लुगडे ट्रंकेत होते. बाळाला दुपटे शिवते आहेस का, असे सौभाग्यवतींनी विचारले. आईने सुईत दोरा ओवून घेईपर्यंत उत्तर दिले नाही.

"बाळाला कशाला? त्या निळ्या तुकड्याला खोळ शिवतेय. दुपदरी. नुसत्या फोमवर बाईमाणसाला झोप लागायची नाही."